रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

२९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन जवळ आला की गावोगावी आरोग्य शिबिरे भरतात. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासले जाते. हातात पडलेल्या कागदावर माणूस एकच गोष्ट शोधतो, ती म्हणजे जाड ठशात काही छापले आहे का. नसेल तर निर्धास्त. या सवयीतून एक जिवावर बेतणारी चूक होते आणि ती सर्वांत आधी दिसते फार्मसीच्या काउंटरवर. स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलेला किंवा मधुमेहाचा रुग्ण चिठ्ठीवरच्या बाकीच्या सगळ्या गोळ्या घेतो, पण ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ‘स्टॅटिन’ गोळीच्या नावावर बोट ठेवून म्हणतो, "ही नको. कोलेस्टेरॉल नॉर्मल झाले."

नॉर्मल झाले ते त्या गोळीमुळे. गोळी थांबवल्यावर दोन ते चार आठवड्यांत एलडीएल (रक्तवाहिनीत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पूर्वीच्या आकड्यावर परत जाते. त्या वेळी काहीही दुखत नाही, म्हणूनच ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

गोव्यात हा प्रश्न इतर राज्यांपेक्षा मोठा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) ‘इंडियाब’ हा मधुमेहावरचा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के, गोव्याची २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून जास्त. मधुमेह असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला स्टॅटिन देतात ते त्याचे कोलेस्टेरॉल ‘वाढले’ म्हणून नव्हे, तर मधुमेहात हृदयविकाराचा धोकाच जास्त असतो म्हणून. हे रुग्णाला समजावून सांगितलेच जात नाही. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यावर (स्टेमी) तातडीने उपचार करणाऱ्या ‘स्टेमी गोवा’ प्रकल्पामुळे आज खेड्यातल्या आरोग्य केंद्रातला ईसीजी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या (गोमेकॉ) तज्ज्ञांना लगेच दिसतो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जागीच देता येते. झटका आल्यानंतरच्या पहिल्या तासांची सोय राज्याने चांगली केली आहे. दुसरा झटका टाळण्याची जबाबदारी मात्र घरच्या डब्यातल्या गोळीवर आहे आणि तीच आधी गळते.

‘नॉर्मल’ शब्दाचा घोळ कुठून येतो ते पाहू. बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर एलडीएलसमोर जी वर्गवारी छापलेली असते ती २००१ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांतली: १०० पेक्षा कमी उत्तम, १२९ पर्यंत ठीक, १३० ते १५९ काठावर, त्यापुढे जास्त. धोका कमी असलेल्या निरोगी माणसासाठी ती एक वेळ चालेल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी स्वतंत्र लक्ष्ये जाहीर केली. त्यांनुसार धोका कमी असलेल्यांचे एलडीएल १०० च्या खाली हवे, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांचे ७० च्या खाली आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांचे ५५ च्या खाली (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). आता स्टेंट असलेल्या माणसाचे एलडीएल ९८ आले, तर लॅबचा कागद ‘उत्तम’ म्हणतो आणि प्रत्यक्षात तो लक्ष्यापासून ४३ ने दूर असतो. कागद खोटा नाही, पण तो या माणसासाठी छापलेला नाही.

गोळी आयुष्यभर का, डोस दुप्पट केला तर परिणाम दुप्पट का होत नाही, या प्रश्नांची उत्तरे गेल्या ५० वर्षांच्या रेणवीय जीवशास्त्रात आहेत. यकृताच्या पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर नावाची प्रथिने असतात. रक्तातला एलडीएलचा कण त्यांना चिकटतो, पेशी त्याला आत ओढते, कण तिथे मोडला जातो आणि रिकामा झालेला रिसेप्टर पुन्हा वर येतो. एक फेरी साधारण १० मिनिटांची. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना याच शोधासाठी १९८५ चे नोबेल मिळाले. स्टॅटिन पेशीतले कोलेस्टेरॉल तयार करणारे एक एन्झाइम रोखते. पेशीत कोलेस्टेरॉलचा तुटवडा पडतो, मग एसआरईबीपी-२ हे प्रथिन केंद्रकात जाऊन जास्त रिसेप्टर बनवण्याचा हुकूम सोडते. म्हणजे रक्तातले कोलेस्टेरॉल गोळी स्वतः पुसून काढत नाही, ते काम ती यकृताकडून करवून घेते. गोळी थांबली की तुटवडा संपतो, हुकूम मागे घेतला जातो, रिसेप्टर कमी होतात. यात ‘बरे झालो’ अशी पायरीच नाही.

आता यातली खरी गंमत. तोच एसआरईबीपी-२ रिसेप्टरबरोबर पीसीएसके९ नावाचे आणखी एक प्रथिनही वाढवतो आणि हे पीसीएसके९ रिसेप्टरला चिकटून त्याला पुन्हा वर येऊ देत नाही, पेशीच्या आतच मोडीत काढायला लावते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार. म्हणूनच स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल मूळच्या आणखी सहा टक्क्यांनीच उतरते. समजा, मूळ एलडीएल १६० आहे. ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने ते अंदाजे १०० वर येईल, २० ने ९० वर, ४० ने ८२ च्या आसपास. लक्ष्य ५५ असेल तर नुसता डोस वाढवत बसण्यात अर्थ नाही. तिथे इझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडतात. ते आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण रोखते आणि उरलेल्या एलडीएलमधून आणखी २० ते २५ टक्के उतरवते. डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली म्हणजे आजार बळावला, असा अर्थ रुग्ण काढतात. तसे नाही.

पीसीएसके९ चा शोध २००३ मधला, फ्रान्समधल्या काही कुटुंबांतून लागलेला. त्यांच्यात हे प्रथिन गरजेपेक्षा जास्त काम करत होते आणि एलडीएल जन्मापासून भरमसाट होते. याच्या उलट माणसेही सापडली. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीयांत हे जनुक जन्मतःच निकामी होते. त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनीच कमी होते, पण १५ वर्षांत हृदयविकार मात्र ८८ टक्क्यांनी कमी आढळला (२००६). आकडे जुळत नाहीत असे वाटेल. कारण साधे आहे: त्यांचे एलडीएल साठाव्या वर्षी कमी झालेले नव्हते, ते जन्मापासून कमी होते. रक्तवाहिनीत चरबी साचते ती आकडा गुणिले वर्षे या हिशेबाने. सहा महिने गोळी घ्यायची, सहा महिने सोडायची, या पद्धतीत तो हिशेब चालूच राहतो.

याच शोधातून २०१५ मध्ये पीसीएसके९ ला रोखणारी प्रतिपिंडांची इंजेक्शने आली आणि नंतर इन्क्लिसिरान आले. हे आरएनएचे छोटे तुकडे. त्यांना जोडलेल्या साखरेमुळे ते थेट यकृताच्या पेशीत जातात आणि पीसीएसके९ चा संदेशच कापून टाकतात. पहिले इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरे, मग दर सहा महिन्यांनी एक. एलडीएल साधारण निम्म्यावर येते. भारतातही ते मिळते, किंमत मात्र सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरची आहे. जनुकाचेच संपादन करून एकदाच औषध देण्याचे प्रयोग सुरू आहेत. २०२५ मध्ये एएनजीपीटीएल३ या रक्तातल्या चरबीशी निगडित दुसऱ्या जनुकावरच्या अशा प्रयोगाचे निकाल आले, तेही अवघ्या १५ जणांवरचे. "एकच इंजेक्शन, कोलेस्टेरॉल कायमचे गायब" असे निरोप मोबाईलवर फिरतात, त्यांच्या भरवशावर आजची गोळी सोडणे म्हणजे आत्मघात.

रिपोर्ट वाचण्यातल्या काही चुका. लॅब एलडीएल बहुतेक वेळा मोजत नाही, हिशेबाने काढते: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) वजा, मग ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीचा) पाचवा भाग वजा. मधुमेहाने, पोटाचा घेर वाढल्याने आणि रोजच्या दारूने ट्रायग्लिसराइड वाढते आणि हा हिशेब फसतो. उदाहरणार्थ, एकूण १५८, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड ३२०. एलडीएल येते ६०, मधुमेह्याच्या ७० च्या लक्ष्याखाली. सगळे खूश. पण एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. उत्तर १२४. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि मधुमेह्याचे त्याचे लक्ष्य १०० च्या खाली आहे. धमनीत शिरणारे घातक कण शिल्लक आहेत, फक्त ते एलडीएलच्या रकान्यात दिसत नाहीत. ही वजाबाकी घरी कुणालाही करता येते, एक पैसाही लागत नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हिशेबाचे एलडीएल वाचूच नये.

दुसरे, झटका आल्यावर एक-दोन दिवसांत एलडीएल आपोआप खाली येते आणि काही आठवडे तसेच राहते. इस्पितळात चौथ्या-पाचव्या दिवशी काढलेला ‘चांगला’ आकडा मूळचा धरू नये. तिसरे, या तपासणीसाठी आता सरसकट उपाशीपोटी राहण्याची गरज नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असेल तेव्हाच उपाशीपोटी पुन्हा करावी. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी तपासणी, नंतर आकडा स्थिर झाला की वर्षातून एक-दोनदा पुरे.

आता गोळी सोडण्यामागचे सर्वांत मोठे कारण, अंग दुखणे. ते दुखणे खोटे नसते. पण त्याचा दोष बहुतेक वेळा गोळीचा नसतो आणि हे फार नेटक्या पद्धतीने तपासले गेले आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले. प्रत्येकाला १२ बाटल्या दिल्या: चारमध्ये ॲटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, चारमध्ये तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या, चार रिकाम्या. महिन्याला एक बाटली, रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात सरासरी ८, औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यात १५.४ आणि खऱ्या गोळीच्या महिन्यात १६.३. म्हणजे त्रासाचा नव्वद टक्के भाग गोळी घेण्याच्या धास्तीचा. हे निकाल दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्या जणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले. मोठ्या चाचण्यांच्या २०२२ मधल्या एकत्रित विश्लेषणातही पहिल्या वर्षी हजारामागे जास्तीचे साधारण ११ जणच गोळीमुळे स्नायूदुखीचे निघाले.

तरीही दुखत असेल तर परस्पर थांबवू नये. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखे दुखतात का ते पाहावे. एकच गुडघा दुखत असेल तर तो बहुधा गुडघ्याचाच त्रास. थायरॉइडची टीएसएच तपासणी करावी, कारण थायरॉइड मंद असेल तर एलडीएलही वाढते आणि स्नायूही दुखतात. सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) तपासावे. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन आठवड्यांचा खंड, मग दुसरे स्टॅटिन कमी मात्रेत, गरज पडल्यास एक दिवसाआड. आपल्या लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनची पातळी युरोपीय लोकांच्या जवळजवळ दुप्पट होते, म्हणून ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. मूत्रपिंडे फार अशक्त असतील तर ते १० च्या पुढे नेत नाहीत. लघवी काळ्या चहासारखी झाली, सोबत जबरदस्त अंगदुखी आणि अशक्तपणा असेल तर मात्र वाट न पाहता गोळी थांबवून इस्पितळ गाठावे. हे अत्यंत दुर्मीळ आहे, पण माहीत असायला हवे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना आधी सांगायचे, तेही इथेच नमूद करतो.

साखर वाढते का? थोडी वाढते. जास्त मात्रेत जरा अधिक. आणि नवा मधुमेह बहुतेक त्यांनाच होतो जे आधीच उंबरठ्यावर असतात. मधुमेह्यांच्या राज्यात ही शंका रास्त आहे, पण झटका टळण्याचा फायदा त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. साखर तपासत राहावी आणि गोळी चालू ठेवावी.

औषधांच्या सरमिसळीचे दोन धोके आपल्याकडे नेहमीचे. पावसाळ्याच्या दमटपणात जांघेत, काखेत गजकर्ण होते आणि त्यावर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल कित्येक आठवडे दिल्या जातात. हे औषध यकृतात ॲटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन मोडणारी यंत्रणाच बंद पाडते, स्टॅटिनची पातळी चढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचेही तसेच. त्वचेच्या डॉक्टरांना आपली सगळी औषधे दाखवावीत. ते तात्पुरता बदल सुचवतील. रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण फारशी येत नाही. खरी फसगत पुढे होते. गजकर्णाचा कोर्स संपतो आणि थांबवलेले स्टॅटिन सुरू करायचे राहून जाते. कोर्स संपण्याची तारीख चिठ्ठीवरच लिहून घ्यावी.

दुसरा धोका एकत्रित कॅप्सूलचा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. दात काढायचा म्हणून किंवा पोटात जळजळते म्हणून ‘रक्त पातळ करणारी गोळी’ बंद केली की तिच्याबरोबर स्टॅटिनही नकळत बंद होते. स्टेंट असलेल्यांनी तर रक्त पातळ करणारे औषध हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नये. आणि सोडायचे ठरलेच, तर त्या काळापुरते स्टॅटिन वेगळे लिहून मागावे. जळजळीसाठी घेतलेले पांढरे अँटासिड रोसुव्हास्टॅटिनचे शोषण निम्म्यावर आणते, दोहोंत दोन तासांचे अंतर हवे. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसातून कधीही, जेवणाआधी किंवा नंतर चालतात; रात्रीचीच वेळ हवी ती सिम्व्हास्टॅटिनला. म्हणून श्रावणातल्या उपवासाला किंवा चवथीच्या धांदलीत गोळी चुकवायचे कारण नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

आहाराने भागेल का, असे विचारणारे बरेच. आहार हवाच, पण त्याची मर्यादा समजून. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३० ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट असते आणि २००० कॅलरींच्या आहारात दिवसाची मर्यादा आहे २२ ग्रॅम. आपल्या हुमणात (माशांच्या आमटीत) खोबरे गाळून न काढता सगळेच वाटून जाते, वर मासळी खोबरेल तेलात तळली जाते. २०२० मध्ये १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे १० ने वाढलेले दिसले. बांगडा, तारले खावेतच. फक्त वाटणातले खोबरे निम्मे करावे आणि तळण्याऐवजी कमी तेलात भाजावे. सोलकढीने चरबी विरघळते हा गैरसमज आहे. पथ्याने एलडीएल १०-१५ टक्के उतरेल, झटका आलेल्या माणसाला ५० टक्के उतरवायचे असते.

शेवटी दोन गोष्टी, ज्या शिबिरांत होतच नाहीत. एलडीएल १९० किंवा वर असेल, घोट्यामागच्या कंडरेवर (स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीवर) गाठी असतील, घरात कुणाला चाळिशीत झटका आला असेल, तर तो आनुवंशिक दोष असू शकतो. जगात दर २५० ते ३०० माणसांमागे एकाला तो असतो. गोव्याच्या सुमारे १५ लाख लोकसंख्येला हाच हिशेब लावला तर पाच-सहा हजार माणसे. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, म्हणून भावंडांची आणि मुलांची तपासणी त्याच आठवड्यात करावी. दुसरी, लायपोप्रोटीन(ए). हा एलडीएलसारखाच कण, पण त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते. पथ्य, व्यायाम, स्टॅटिन, कशानेच ती उतरत नाही. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर ती धोक्याची आणि भारतात चारांपैकी एकाची ती जास्त असते. तपासणी आयुष्यात एकदाच पुरते. ती जास्त निघाली तर एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांबाबत अधिक कडक राहायचे.

राज्यातल्या लॅबचालकांना माझी विनंती आहे की एलडीएलसमोर एकच ‘नॉर्मल’ आकडा न छापता १००, ७० आणि ५५ ही तिन्ही लक्ष्ये कुणासाठी कोणते ते सांगून मराठीत आणि कोकणीत छापावीत आणि नॉन-एचडीएलची ओळ आपणहून द्यावी. संगणकातला नमुना एकदा बदलला की झाले. गोमेकॉतून आणि जिल्हा इस्पितळांतून घरी जाणाऱ्या हृदयरुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीत स्टॅटिनपुढे एवढे लिहावे: "रिपोर्ट नॉर्मल आला तरी चालू ठेवणे. लक्ष्य ५५ च्या खाली. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी." फार्मासिस्ट बंधुभगिनींनीही चिठ्ठीतली ही एक गोळी नको म्हणणाऱ्याला शेवटचा रिपोर्ट केव्हाचा आणि स्टेंट आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय बिल करू नये.

आपला,
एक फार्मासिस्ट, फोंडा